मी माझी साक्ष परत घेते आहे

माझा थोरला भाऊ शांतवन याने मला फसवलं आणि मी रूथला फसवलं. फरक एवढाच की मी काय करते आहे ते मला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या महिला मंडळाने वार्षिक अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे. विषय त्यांनीच दिला, कठीण काळात विश्वासाने दिलेलं बळ. "एस्तेरबाई, तुमच्याकडं सांगण्यासारखं लई हाय," अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्या रिपोर्टाचं तेवढं घेऊ नका." मी व्यापार करणारी बाई आहे. समोरचा जे झाकतो ते आधी उघडून बघायचं, एवढं मी तीस वर्षांत शिकले. म्हणून रिपोर्टापासूनच सुरू करते.

गठ्ठा न फोडता

सोलापुरात भवानी पेठेत माझा गाळा आहे. कारखान्यातून निघालेला सेकंड माल, म्हणजे धागा सुटलेले टॉवेल, काठ वाकडा गेलेल्या चादरी, मी गठ्ठ्याने उचलते आणि किरकोळ विकते. सुरुवात केली तेव्हा गाळा नव्हता. डोक्यावर गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायचे, एस.टी.ने पार नातेपुत्यापर्यंत जायचे. शिक्षण सातवीपर्यंत. माझ्या तोंडाला कारखानदार भितात असं म्हणतात, ते खोटं नाही. गठ्ठा फोडून, एकेका घडीतून तळहात फिरवल्याशिवाय मी सौदा करत नाही. डोळ्याला न दिसणारा तुटका धागा माझ्या हाताला लागतो.

गेल्या पावसाळ्यात अंघोळ करताना त्याच हाताला छातीतली गाठ लागली.

डॉक्टरांनी सुईची तपासणी करायला सांगितली. ती झाली, आणि रिपोर्ट चार दिवसांनी मिळेल म्हणाले. रिपोर्ट आणायचं काम दादाकडे गेलं. वडील वारल्यापासून आमच्या घरात कागद म्हटला की शांतवनदादा. तो शाळेत क्लार्क होता, आता रिटायर झाला आहे आणि मंडळीचा सेक्रेटरी आहे. माझ्या गाळ्याचे कागद त्याने केले, लाइटचं मीटर त्याने घेतलं, माझ्या लग्नाची नोंदसुद्धा त्यानेच केली. मग हा एक कागद त्याने आणला तर त्यात विशेष काय?

त्याच चार दिवसांत आमच्या चर्चच्या अंगणात संजीवन सभा होती. बाहेरगावचे प्रचारक आले होते. शेवटच्या दिवशी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. दादाने मला हाताला धरून नेलं. प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मी इथे खोटं लिहिणार नाही, मला अंगात ऊब जाणवली. मी रडले. घरी येऊन हात लावून पाहिलं तर गाठ लहान झाल्यासारखी लागली. लागावी असं वाटत होतं, म्हणून लागली.

दोन दिवसांनी दादा गाळ्यावर आला. मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. तो थांबला, गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "एस्तेर, काही नाही निघालं. प्रभूने काम केलं."

मी कागद मागितला नाही. आयुष्यात एकदाच गठ्ठा न फोडता माल घेतला, तो हा.

साक्ष

आमच्यात प्रभूने काही केलं की रविवारच्या उपासनेत उभं राहून चार शब्दांत सांगतात. त्याला साक्ष म्हणतात. कुणाला नोकरी लागली, कुणाचं पोर तापातून उठलं. साक्षीची कुणी तपासणी करत नाही. उभं राहिलेला माणूस खरंच बोलतो असं सगळे धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

त्या रविवारी मी उभी राहिले. सांगितलं असतं चार शब्दांत, पण मी विकणारी बाई. साध्या टॉवेलची मी एवढी तारीफ करते, तर चमत्काराची किती केली असेल. गाठ विरघळली म्हणाले. डॉक्टरांचा कागद हरला म्हणाले. शेवटी हातवारे करून म्हणाले, "बायांनो, सुईला भिऊन पळू नका आन सुईकडं धावूबी नका. आधी प्रभूला हाक मारा." लोक आमेन म्हणाले. महिला मंडळातल्या एकीने मोबाईलवर चित्रीकरण केलं.

त्यातलं 'सुईकडं धावूबी नका' हे वाक्य दादाने मला शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

काउंटरवर

जानेवारीत गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली. मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पर्समध्ये तपासणीची जुनी पावती होती, ती घेऊन एकटी लॅबमध्ये गेले. काउंटरवर चष्मा लावलेला, पन्नाशीचा माणूस होता.

"हा रिपोर्ट तुमच्या भावानं नेलाय की. सही हाय बघा."

"परत काढून द्या."

त्याने मशीनमधून कागद काढला. वाचला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"मावशी, सोबत कोण हाय?"

"मी हाय की."

"तसं नव्हं. घरचं कुणी?"

"घरच्यानंच पयला नेलावता. काय लिवलंय सांगा."

"मला सांगता येत न्हाय. डॉक्टर सांगतील."

"तुमी वाचलं आन तुमचं तोंड उतरलं. आता डॉक्टर कशाला पायजेत? मी हितनं हलत न्हाय."

माझ्यामागे रांग होती. त्याने कागद माझ्याकडे वळवला आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं.  मला इंग्रजी वाचता येत नाही, पण गठ्ठ्यांवरची अक्षरं लागतात, आणि तो शब्द तर हॉस्पिटलांच्या पाट्यांवर एवढ्या मोठ्या अक्षरांत असतो की न शिकलेल्यालाही ओळखीचा होतो. मग त्याने बोट वर नेऊन तारीख दाखवली. रिपोर्ट सप्टेंबरचा होता. मी साक्ष दिली त्याच्या आधीचा.

असल्या वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही. मला राग आला, आणि त्या रागाने मला रस्त्यापर्यंत चालवत आणलं. भीती मागाहून आली. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि मला माझ्या भावाच्या गल्लीचं नाव आठवेना.

दादाच्या घरी

दादा खुर्चीत बसला होता. मी कागद त्याच्या मांडीवर टाकला. तो नाही म्हणाला नाही. उठला, फळीवरचं शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, काढलं आणि मधोमध उघडलं. पहिला रिपोर्ट तिथे घडी घालून ठेवला होता. तो काढताना आणखी एक कागद निसटून खाली पडला. मी जवळ होते, मी उचलला.

एका डॉक्टरची चिठ्ठी होती. पुढच्या बाजूला इंग्रजी. मागे पेनाने मराठीत लिहिलं होतं: प्रभू, एस्तेरबाईंना केलंस तसं मलाही कर. खाली नाव, रूथ.

रूथ आमच्या मंडळीतली. वय चाळीस-पंचेचाळीस. नवरा वारलेला, चर्चच्या मागच्या गल्लीत राहते, शाळेत मुलांची खिचडी शिजवते.

"हे कुटनं आलं?" मी विचारलं.

"दानाच्या पिशवीतून," दादा म्हणाला. "तू साक्ष दिलीस त्याच रविवारी. तिलाही छातीत गाठ होती. सुईच्या तपासणीची चिठ्ठी होती ती."

दानाची पिशवी उपासनेनंतर सेक्रेटरी उघडतो.

"तिला सांगितलंस?"

"काय सांगू? तिने विश्वासाने टाकली."

"माझ्या शब्दावर टाकली, दादा. आन माझा शब्द तुझ्या शब्दावर हुता."

"मी गप्प बसलो नाही, एस्तेर. चार महिने दर शुक्रवारी उपास धरतोय. तुम्हा दोघींसाठी. आजाराचं नाव तोंडाने घेतलं की आपण त्याला कबूल करतो, असं प्रचारकांनी सांगितलं होतं. मी नाव घेतलं नाही."

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर मानेवर ढिली झाली होती. मला वाटत होतं त्याची साखर वाढली असेल.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी ह्यांना रोज सांगत होते." म्हणजे वहिनीलाही ठाऊक होतं. रोज.

"आईच्या वेळी सही मी केली होती," दादा म्हणाला. "ऑपरेशनच्या टेबलावरून ती परत आली नाही. परत माझ्या हातून सही नको होती."

"मग माझ्या हातानं करायची की. मला सही येती."

तो रडायला लागला. मी थांबले नाही. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आत्ता लिहितानाही ठाऊक आहे. त्याने मला वाचवायचा प्रयत्न केला. फक्त मला न विचारता केला, आणि शरीर माझं होतं. मी निघायच्या आधी त्याने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि जुन्या रिपोर्टासकट परत शास्त्रात ठेवली.

घासाघीस

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून माहीत होतं?"

"मला कालपासून. घरच्यांना चार म्हैन्यांपासून."

"चार महिन्यांपूर्वी आला असतात तर..." म्हणून ते थांबले.

"वाक्य पुरं करा डॉक्टर. मी अर्धा सौदा ऐकत न्हाय."

त्यांनी पुरं केलं. तेव्हा कदाचित नुसती गाठ काढून भागलं असतं. आता सगळा स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठीही, आणि नंतर केमोचे आठ डोस.

"आठ? सहा करा."

"मावशी, हा बाजार नाही."

"सगळा बाजारच असतोय. हितं तुमी भाव फोडत न्हाय एवढंच."

ते हसले. "आठच."

"बरं, आठ. पण हितनं म्होरं परत्येक कागद माझ्या हातात द्यायचा, आन मराठीत सांगायचा."

"कबूल," ते म्हणाले. तीस वर्षांतला माझा सगळ्यात चांगला सौदा तो. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात आजार शिरला असेल तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रिपोर्ट आजाऱ्याच्या हातात द्या. तो रडेल, ओरडेल, ताट फेकेल. द्या तरी.

ऑपरेशनच्या फॉर्मवर मी सही केली. एवढी मोठी केली की नर्स म्हणाली, "मावशी, खाली साक्षीदारालाही जागा ठेवा."

खुर्च्यांची खोली

डोसच्या खोलीत आठ खुर्च्या आहेत, दोन रांगांत, समोरासमोर. सकाळी टोकन घ्यायचं, रक्त द्यायचं, रक्ताचा आकडा बरा आला तर खुर्ची मिळते, नाही तर घरी. शीर सापडेपर्यंत नर्स हातावर टिचक्या मारते. मग बाटली लागते आणि चार-पाच तास छताचा पंखा बघायचा. औषधापेक्षा मला त्या थांबण्याचा जास्त त्रास झाला. मी कधी कुणासाठी थांबलेली नाही.

समोरच्या खुर्चीत नरसम्मा असायची, कुंभारी गावची, विड्या वळणारी. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिचा डोस माझ्या एक महिना पुढे होता, त्यामुळे काय होणार ते ती आधीच सांगायची. "उद्या काय न्हाय होत अक्का. परवा तोंड येतंय. आत्ता बर्फ चघळा." थर्मासमध्ये बर्फाचे खडे घेऊन यायची आणि बाटली सुरू झाली की माझ्या तोंडात एक, स्वतःच्या तोंडात एक. तोंड माझं तरी आलंच, पण कमी आलं. कडक भाकरी मात्र सुटली. दूध घालून भिजवलेली भाकरी खाणं म्हणजे माझ्यासाठी हार होती. ती हार मी दोन महिने खाल्ली.

केस गळायला लागले तेव्हा नवऱ्याला, दाविदला, मशीन फिरवायला लावलं. एप्रिलच्या सोलापुरात डोक्याला स्कार्फ बांधून कोण बसणार? मी तशीच गाळ्यावर बसले. विणकरांच्या घरातलं एक जुनं गिऱ्हाईक माझ्या डोक्याकडे बघून हात जोडून म्हणालं, "बालाजीला जाऊन आलात व्हय?"

"न्हाय ओ. हास्पिटलला दिले."

हे नरसम्माला सांगितलं तर ती सलाईनची नळी हलेपर्यंत हसली. मग म्हणाली, "अक्का, तुमचा देव आन माझा देव, ओळख हाय का एकमेकांची?"

"माझा कुणाशीबी बोलतो. तुझा?"

"माझ्याकडं रांग लई असते."

बळ

आता विषयाचं लिहिते, म्हणजे बळाचं.

पहिले दोन डोस होईपर्यंत मला 'प्रभू, मला बरं कर' म्हणता येईना. ते वाक्य मी एकदा सगळ्यांसमोर वापरून बसले होते. तोंडात आलं की लाज वाटायची. तरी मी प्रार्थना सोडली नाही, कारण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी बोलणं सोडलं की भांडणही हातचं जातं. मी देवाला विचारायचे, तुला ठाऊक होतं की. माझ्या भावाला उपासाला बसवलंस आणि मला एक शब्द कळवला नाहीस. वर भर उपासनेत माझ्या तोंडून खोटं बोलून घेतलंस. उत्तर आलं नाही. पण मी बोलत होते तोपर्यंत मळमळ कमी वाटायची, हे खरं आहे. राग वाहून जायला कुठे तरी पात्र लागतं. माझा राग त्याच्याकडे गेला आणि त्याने तो परत फेकला नाही. नवऱ्यावर फेकला की तो परत यायचा.

दाविद टेम्पो चालवतो, बोलत कमी. ऑपरेशननंतर काखेतली नळी तो साफ करायचा, भाकऱ्याही थापायला शिकला, जाड आणि कच्च्या. पण रविवारी चर्चमध्ये दादाच्या शेजारच्या त्याच्या जागेवरच बसायचा. मला ते खपलं नाही.

"त्याच्या मांडीला मांडी लावून बसतोस. लाज वाटत न्हाय?"

"तो गाण्याच्या वेळी रडतो," दाविद म्हणाला. "कुणी तरी शेजारी पायजे."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो बरोबर होता हे लिहायला मला अजून जड जातं.

प्रचारकांनी त्या सभेत जी गोष्ट सांगितली आणि दादाने धरून ठेवली, ती बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईची. वैद्य करून थकली, गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली. सभेत ती गोष्ट इथेच संपवतात. तिसऱ्या डोसला मी शास्त्र घेऊन गेले आणि ती गोष्ट बोट ठेवत ठेवत स्वतः वाचली. लहानपणापासून ऐकलेली, पण वाचली नव्हती. गोष्ट तिथे संपत नाही. ती बरी झाल्यावर येशू थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवलं? ती घाबरते, थरथरते, आणि त्याच्यापुढे पडून सगळं खरं सांगते. सगळं. त्यानंतर तो तिला मुली म्हणतो आणि शांतीने जा म्हणतो.

नरसम्मा झोपली होती, नर्स बाटल्या बदलत होती. मी तो भाग तीनदा वाचला. त्याला तिचं सगळं खरं हवं होतं. गर्दीसमोर हवं होतं. तेव्हापासून मला पाठीचा कणा सापडल्यासारखं झालं. माझा देव खोट्या साक्षीवर उभा नाही. मी खरं बोलले तर तो पडणार नाही. मला मिळालेलं बळ म्हणाल तर ते हे. गाठ विरघळवणारं नाही, तोंड उघडणारं.

रूथ

दादाच्या घरून निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रूथकडे गेले होते. माझा रिपोर्ट दाखवला, सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "तुमचा विश्वास ढळला आसंल, बाई. म्हणून परत आली."

"परत आली न्हाय. गेलीच नव्हती. ही तारीख बघ."

"मला इंग्लिश येत न्हाय. आन हे तर आत्ता काढलेलं हाय."

मी चिडले. तिला मूर्ख म्हणाले. ते म्हणायला नको होतं. दार लावून घेतलं तिने.

ऑपरेशन झालं, डोस सुरू झाले, आणि तिसऱ्या डोसनंतर मी परत गेले. डोक्यावर केस नाहीत, एक बाजू सपाट. म्हटलं, आता तरी पटेल. रूथने मला बसवलं, पाणी दिलं, आणि मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. मंडळीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तिच्याकडे आलेला व्हिडिओ होता. त्यात मी होते. लांब वेणी, हातवारे, हसू. सुईकडं धावूबी नका.

"ह्या तुमीच न्हवं?" रूथ म्हणाली. "मी रोज बघते. कामाला जायच्या आधी."

मी तो पूर्ण पाहिला. एवढी खात्रीने बोलणारी बाई मी याआधी पाहिली नव्हती. मीसुद्धा तिच्याकडून माल घेतला असता.

"ती बाई खोटं बोलत हुती, रूथ. तिला ठाऊक नव्हतं, पर खोटं हुतं."

 ती पदराशी खेळत म्हणाली, "मग दादांना सांगू दे. त्यांनी कधी मला खोटं सांगितलं न्हाय. माझा नवरा गेला तवा सगळे कागद त्यांनीच केले. त्यांनी चर्चमधी उभं ऱ्हाऊन सांगितलं, की रिपोर्ट आला तवा रोग हुताच, तर मी दुसऱ्या दिवशी जाते सुईला."

"माझ्या शब्दावर न्हाय जाणार?"

"तुमच्याच शब्दावर थांबलेय की," रूथ म्हणाली.

 

पुढील बैठकीत

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "लोक प्रभूवर हसतील. मला जमणार नाही." आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, त्यांना सांगितलं. तरुण आहेत, भले आहेत, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ऐकून त्यांचा चेहरा पडला. पण थोड्या वेळाने म्हणाले, "एस्तेरबाई, हे जपून करावं लागेल. लोकांचा विश्वास डळमळेल."

"ज्या विश्वासाला माझा एक रिपोर्ट झेपत न्हाय, त्याला तुमी विश्वास म्हणता?"

मी त्यांना त्या बाईची गोष्ट विचारली, ती कुठे संपते म्हणून.  ते म्हणाले, "मी कमिटीपुढे ठेवतो."

चौथ्या डोसनंतरच्या रविवारी मी वाट न बघता उपासनेत उभी राहिले. "मला सगळ्यांना काही तरी सांगायचंय," एवढं म्हणाले आणि पेटी सुरू झाली. कुणी सुरू करायला सांगितली ते मला दिसलं. सगळी मंडळी गायला उठली, त्यामुळे मी उभी आहे हेही कुणाला कळलं नाही. रूथ मात्र बसून माझ्याकडे बघत होती.

नंतर कमिटीचं पत्र आलं. सुट्ट्यांमुळे पुष्कळ कुटुंबं गावाला जाणार आहेत, सबब विषय पुढील बैठकीत घेण्यात येईल. खाली सेक्रेटरीची सही. म्हणजे माझ्या भावाची.

माझे पाच डोस झाले, तीन राहिले. मी बरी होईन की नाही हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, आणि मीही आता कुणाला छातीठोक सांगत नाही. मी ते घेणार, तिन्ही. उलट्या होतील, होऊ देत. मी मरायला बसलेली नाही आणि गप्प बसायला तर नाहीच. अध्यक्षबाई हा लेख छापतील असं मला वाटत नाही. न छापला तर याच्या प्रती काढून मी चर्चच्या दारात उभी राहीन.

गेल्या आठवड्यात शाळेवरून जात होते. शाळेला सुट्टी लागायची होती, शेवटचा शिधा शिजत होता. रूथ मोठ्या पातेल्यात डाव्या हाताने खिचडी ढवळत होती. ती डावरी नाही. मी जवळ गेले तर तिने उजवा हात पदराखाली घेतला, पण मला दिसला. मनगटापासून दंडापर्यंत सुजला होता. रोग काखेत उतरला की हात असा सुजतो, हे मला माझ्या डॉक्टरांनी मराठीत सांगितलेलं आहे.

म्हणून हे सगळ्यांसमोर विचारते.

शांतवनदादा, तू माझ्यासाठी उपास केलेस, ते मी मानते. आईच्या सहीचं ओझं तू एकट्याने वाहिलंस, तेही मानते. माझ्या चार महिन्यांचं काय ते आपण दोघं बहीणभाऊ घरात बघून घेऊ, हवं तर आयुष्यभर भांडू. पण रूथचे आठ महिने झाले, आणि ती अजून तुझ्या तोंडाकडे बघत थांबली आहे. ती चिठ्ठी देवाच्या नावाने टाकली होती, पण उघडली तू. तुझ्या बैठकीची तारीख मला नको. उपासना रविवारी नऊ वाजता सुरू होते आणि रूथ तिसऱ्या बाकावर बसते. तू या रविवारी उभा राहून तिला सांगणार आहेस की नाही, ते मला शनिवारच्या आत सांग.